आज काय उचललं?

कारखान्यात त्याला सगळे 'वरचा' म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. फाटकातून आत शिरला की तो वरचा, कारण त्याची जागाच वर होती. जड कामांच्या शेडच्या, म्हणजे जड शेडच्या, छपराखाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रुळांवर आडवी पसरलेली एक अवाढव्य क्रेन होती. तिच्या पोटाला काचेची केबिन लटकत होती आणि त्या केबिनीत वरचा बसत असे. "देव आणि आमचा वरचा, दोघांनाही खालचं सगळं दिसतं आणि दोघंही काही करत नाहीत," असं खालचे लोक म्हणत. वरचा हसून सोडून देई. सोडून देण्यावाचून करणार काय? ती क्रेन दहा-बारा वर्षं बंद पडलेली होती.

आता हे नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल माणूस कामचोर होता. कारखाना सरकारी. धरणांचे लोखंडी दरवाजे आणि पाण्याचे मोठाले पंप तिथे बनत. एका दुपारी क्रेनची दोर ओढणारी मोटर जळाली. नवी मागवायची तर तीन ठिकाणचे भाव आणा, असा वरून हुकूम आला. वरून म्हणजे वरच्याच्याही फार वरून. ती मोटर बनवणारं ठिकाण होतं एकच. इथेच घोडं पेंड खात होतं आणि खातच राहिलं. पुढे जड कामंही आटली, मग त्या मोटरची आठवण कुणी काढली नाही.

पण क्रेन बंद आहे असं म्हणायची सोय नव्हती. बंद म्हटलं की का बंद, केव्हापासून बंद, कुणाच्या चुकीने बंद, त्यावर समिती, समितीचा चहा आणि शेवटी फोरमनची मान. फोरमन डोकेबाज. क्रेनखालच्या खांबावर एक पत्र्याची पाटी होती, एका बाजूला हिरव्या रंगात 'चालू', दुसऱ्या बाजूला लाल रंगात 'बंद'. रोज सकाळी फोरमन खांबापाशी उभा राहून ओरडे, "वरच्या, घंटा वाजव!" क्रेन हलवण्याआधी खालच्यांना सावध करायची ती घंटा. तिची तार वेगळी असल्यामुळे ती खणखणीत वाजे. घंटा वाजली म्हणजे क्रेन चालू, असा या कारखान्याचा न्याय. पाटी हिरवी राही. तिची लाल बाजू इतकी वर्षं खांबाकडे तोंड करून होती की तिच्यावरचा रंग नव्यासारखा कोरा होता.

"मला खाली दुसरं काहीतरी काम द्या," असं वरच्याने पहिल्या वर्षी खूपदा म्हणून पाहिलं. फोरमन म्हणाला, "तुला खाली आणला तर चालू क्रेनवर माणूस का नाही, असं विचारतील. बस गप." तो गप बसला. फुकटचा पगार कुणाला नको, असं म्हणणाऱ्याने एक महिना तसं बसून बघावं. सकाळी अंघोळ करून, डबा घेऊन, शिडी चढून जायचं आणि संध्याकाळपर्यंत आपल्यावाचून जगाचं काहीही अडत नाही हे काचेतून बघत राहायचं. माणूस आतून गंजतो. वरचा केबिनीतल्या पितळी मुठी रोज फडक्याने घासून लख्ख करी. न फिरणाऱ्या मुठी, पण आरशासारख्या.

हे सगळं त्याने गिळलं असतं. त्याचा खरा फास घरी होता.

घरी बायको होती आणि बायकोचे वडील. हे सासरे त्याच कारखान्यात, त्याच शेडमध्ये आयुष्यभर खाली उभे होते. ओझ्याला साखळ्या बांधायच्या आणि हाताच्या खुणांनी क्रेनवाल्याला सांगायचं: घे, थांब, सरक, हळू, ठेव. आधीच्या एका क्रेनवाल्याच्या घाईने त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती, तेव्हापासून केबिनीत बसणाऱ्या प्रत्येकाला ते खुनीच समजत. वरचा नवा लागला तेव्हा त्यांनी जमिनीवर एक काड्यापेटी ठेवली आणि वर बघून ओरडले, "ओझं हिच्यावर ठेव. पेटी ओढली तर निघता कामा नये, आणि चेपता कामा नये!" वरच्याने कित्येक टनांचा दरवाजा असा टेकवला की काड्यापेटी अडकली पण तिच्या अंगाला धक्का लागला नाही. महिन्याभरात सासऱ्यांनी मुलीचं लग्न त्याच्याशी ठरवलं. लोक जावई करताना घरदार बघतात, यांनी काड्यापेटी बघितली.

लग्नानंतर शेडमधलं "अरे गाढवा" घरात "जावईबापू, तुम्ही" झालं. मात्र ओझ्याचा विषय निघाला की म्हातारा विसरे आणि पुन्हा "अरे गाढवा"वर येई. आता डोळ्यांनी अगदी अधू झाले होते. दिवसभर खिडकीशी बसायचे आणि संध्याकाळी जावयाची चाहूल लागली की विचारायचे, "आज काय उचललं?"

ज्या दिवशी मोटर जळाली, त्या दिवशीही त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं की नजर आता परत यायची नाही. म्हातारा खचला होता. वरचा सहज बोलून गेला, "सहा टन, मामा. पंपाचं झाकण." आठवड्यात मोटर येईल, मग खरंच सांगता येईल, असा त्याचा हिशेब. मोटर आली नाही आणि प्रश्न मात्र रोज येत राहिला.

बरं, थाप मारायची तीही जाणत्यापुढे. "अठरा टन? किती साखळ्या लावल्या?"

"दोन."

"दोन? अरे, अठरा टनाला दोन साखळ्या? खाली कोण गाढव उभं होतं?"

"चुकलं, मामा. तीन होत्या."

"मग तसं सांग ना! जीव गेला असता एखाद्याचा."

असा, न झालेल्या कामातल्या न मेलेल्या माणसांसाठी रोज जीव टांगणीला. बायकोला सगळं ठाऊक होतं. ती थापेत सामील होत नसे आणि बापाला सांगतही नसे. फक्त कधीतरी स्वयंपाकघरातून हळूच म्हणे, "कालही अठराच टन होतं. आज जरा कमी करा." त्याचे कामाचे कपडे धुताना मात्र ती काही बोलत नसे. त्या कपड्यांवर कित्येक वर्षांत ग्रीसचा एक डाग पडला नव्हता.

मग ती बातमी आली. सरकारने कारखान्यातला आपला मोठा हिस्सा विकायला काढला होता. वर्तमानपत्रात त्याला निर्गुंतवणूक असा भारदस्त शब्द होता. कारखान्यात तो कुणाच्या जिभेवर बसला नाही, सगळे सरळ "विकलं आपल्याला" म्हणू लागले. फाटकावर पुढाऱ्याचं भाषण झालं, घोषणा झाल्या, घसे बसले. सरकार एकदा विकायला बसलं की फाटकावरच्या घोषणा ऐकून उठत नाही, हे पुढाऱ्यालाही माहीत होतं. नवे मालक येणार, प्रत्येक मशीन आणि प्रत्येक माणूस बघणार, कामाचं ठेवणार आणि बिनकामाचं काढणार. वरच्याने मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी पाहिलं. बिनकामाचं मशीन म्हटलं तर क्रेन, बिनकामाचा माणूस म्हटलं तर तो.

"नोकरी गेली तर निभावू," तो बायकोला म्हणाला. "पण मामांना कळेल ना सगळं. आणि शेजाऱ्यांच्या तोंडून कळेल."

"मग तुमच्या तोंडून कळू दे," ती म्हणाली.

ते काही त्याच्याने झालं नाही. तो रोज टन सांगतच राहिला, आणि टन सांगताना त्याचा आवाज कोरडा पडू लागला.

पाहणीच्या दिवशी शेड झाडूनपुसून चकाचक होती. फोरमनने सगळ्यांना उत्तरं पढवून ठेवली होती. नव्या मालकांकडून तिशीतली एक इंजिनियर आली, पायात जड बूट, हातात विजेरी. फोरमनने खांबापाशी जाऊन सवयीने आरोळी दिली, "वरच्या, घंटा वाजव!" घंटा वाजली. "बघा मॅडम, चालू."

"छान," ती म्हणाली. "आता हुक खाली घ्यायला सांगा."

"आज व्होल्टेज कमी आहे, मॅडम. जोखीम नको."

"मग उद्या येते."

"उद्या देखभालीचा वार असतो."

तिने फोरमनकडे एकदा बघितलं, विजेरी खिशात घातली आणि शिडी चढायला लागली. वरच्याच्या पाचावर धारण बसली. इतक्या वर्षांत त्या केबिनीत त्याच्याखेरीज कुणी आलेलं नव्हतं. खुर्चीवर घरून आणलेली उशी, डब्यात लावलेली वेल, वर्तमानपत्रांची चळत, चहाची किटली वर ओढून घ्यायची दोरी. संसार पुरता मांडलेला होता, नव्हतं ते फक्त काम.

ती आत आली आणि तिने एका मुठीवर हात ठेवला. पितळ चमकत होतं.

"रोज पुसता?"

"रोज."

"आणि फिरवता कधी?"

व्होल्टेज, हे फोरमनने पढवलेलं उत्तर वरच्याच्या अगदी जिभेच्या टोकावर होतं. तेवढं म्हटलं की झालं होतं. पण घरी रोज खोटं बोलून बोलून त्याच्यातलं सगळं खोटं संपलं असावं. तो म्हणाला, "दहा-बारा वर्षं झाली, मॅडम. मोटर जळलीय. घंटा तेवढी वाजते."

आणि काहीही झालं नाही. छप्पर कोसळलं नाही. वळचणीला एक कबूतर होतं, ते तसंच बसून राहिलं. वरच्याला वाटलं, अरे, एवढंच होतं होय? त्याच्या छातीवरून काहीतरी उतरलं आणि मग त्याला धड श्वास घेता आला.

इंजिनियर एका पालथ्या डब्यावर टेकली. "काका, सकाळपासून फिरतेय. या कारखान्यात मला एकही बंद मशीन भेटलं नाही. आणि एकही चालताना दिसलं नाही."

वरचा हसला. हसण्याची ही वेळ नाही हे त्याला कळत होतं, पण हसू आवरेना. मग तीही हसली. जाताना तिने विचारलं, "शेवटचं काय उचललं होतं?"

हा प्रश्न तो रोज ऐकत होता, पण याचं खरं उत्तर देण्याची ही पहिलीच वेळ. "धरणाचा दरवाजा," तो म्हणाला. "बावीस टन. अलगद ठेवला होता."

खाली उतरून तिने खांबावरची पाटी उलटी केली. लालभडक 'बंद' शेडभर दिसू लागलं आणि लोक हातातलं काम टाकून बघत राहिले. ती गेल्यावर फोरमन शिडीखाली येऊन म्हणाला, "घेतलास पायावर धोंडा मारून! तुझ्याही आणि माझ्याही."

त्या संध्याकाळी घरात शिरताच प्रश्न आला, "आज काय उचललं?"

बायको दारात उभी होती. वरचा सासऱ्यांसमोर जमिनीवरच बसला. "मामा, आज काही नाही उचललं. तुमची नजर गेली तेव्हापासून काहीच नाही उचललेलं. मोटर त्याच आठवड्यात जळाली."

म्हाताऱ्याला कळायला वेळ लागला. "मग परवाचं ते अठरा टनाचं झाकण?"

"नव्हतंच."

"त्याला मी तिसरी साखळी लावायला सांगितली ती?"

"नव्हती, मामा."

"आणि तो पंप, तो कलंडला होता तो? मला रात्रभर झोप नव्हती."

सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "इतकी वर्षं," एवढंच म्हणाले. लेक पाणी घेऊन गेली तर तिलाही हाताने परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रश्न विचारला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वरच्याला त्या प्रश्नाची कोण धास्ती होती, पण आता दार उघडल्यावर समोरून काहीच येत नसे, ते त्याला जास्त लागे. खरं बोलून माणूस हलका होतो म्हणतात. नोकरीच्या बाजूने तो हलका झाला होता, घराच्या बाजूने अजून नाही.

कारखाना विकला गेला. फाटकावरची पाटी बदलली, खाली बारीक अक्षरांत सरकारचं नाव उरलं, कारण थोडा हिस्सा सरकारने राखला होता. कुणी खुशीने निवृत्ती घेतली, कुणाला घ्यावी लागली. ज्यांना घ्यावी लागली त्यांच्या घरी काय झालं ते सांगायला बसलो तर ही गोष्ट वेगळी होईल, आणि ती सुखाची नसेल. फोरमनने पहिल्याच झटक्यात निवृत्ती घेतली आणि सामान बांधताना वरच्याला म्हणाला, "आता तुझी घंटा कोण ऐकणार?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वरच्याला त्याच्यावर रागावताही आलं नाही.

मग वरच्याला बोलावणं आलं. तो घरातून निघताना बायकोला म्हणाला, "आज निकाल." तिने नेहमीचा डबा दिला आणि म्हणाली, "काहीही झालं तरी हा खाऊन या."

टेबलापलीकडे तीच इंजिनियर होती. "काका, जड शेड पुन्हा सुरू करतोय. नवी मोटर येतेय. तुम्ही खरं बोललात म्हणून तुम्हाला ठेवलं असं समजू नका. क्रेन लागणार आहे आणि चालवणारा दुसरा कुणी नाही. फक्त तुम्ही बोललात म्हणून मोटर वेळेवर मागवता आली. बाकीच्यांच्या 'चालू' मशीनांचं खरं काय, ते आम्हाला अजून एकेक करून कळतंय." ती थांबली. "हात बसलाय का अजून?"

"माहीत नाही," वरचा म्हणाला. खरं बोलायची त्याला आता चटकच लागली होती.

"मग आधी भंगाराच्या पिंपावर सराव करा. जमलं तर पुढे बघू."

वरचा बाहेर येऊन भिंतीला टेकला. जीव भांड्यात पडला म्हणतात तो कसा पडतो ते त्याला त्या दिवशी कळलं. त्याने तिथेच पायरीवर बसून सबंध डबा संपवला.

मोटर बसली. पहिल्या दिवशी वरचा शिडी चढला तेव्हा खाली सगळी शेड गोळा झालेली. त्याने खिशातून एक काड्यापेटी काढून आधीच जमिनीवर ठेवून घेतली होती. लोकांना वाटलं गंमत करतोय. त्याने घंटा वाजवली आणि या वेळी घंटेमागून क्रेन खरोखर हलली, छप्पर थरथरलं, बिचारं कबूतर उडून गेलं. दोर ताणला. पिंप उचललं, सरकलं. वरच्याच्या कपाळावरून घामाच्या धारा. पिंप काड्यापेटीवर आलं, हळू, हळू, आणि मग धप्पकन बसलं. माणसं सुखरूप होती, पिंप सुखरूप होतं. खालच्यांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनियरने अंगठा दाखवला आणि सराव चालू ठेवायला सांगितला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सासरे खिडकीशी होते. बोलले नाहीत. वरचा कपडे न बदलता त्यांच्याजवळ जाऊन बसला. म्हाताऱ्याचं नाक हललं. ग्रीसचा वास होता.

कुणाला तरी विचारावं तसं ते पुटपुटले, "आज काय उचललं?"

"अर्धा टन. भंगाराचं पिंप."

"अर्धा टन? अर्ध्या टनाला क्रेन लागते?"

"खाली काड्यापेटी ठेवली होती."

सासरे ताठ झाले. "मग?"

वाचली, असं म्हणायला काही लागलं नसतं. म्हातारा खूश झाला असता, आणि इतक्या वर्षांत एक थाप जास्त झाली असती. वरच्याने खिशात हात घातला आणि ती काड्यापेटी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी उरलेल्या तीन बोटांनी ती चाचपली. कागदासारखी सपाट, आत काड्यांचा चुरा.

"चेपली," ते म्हणाले.

"चेपली, मामा."

म्हाताऱ्याच्या घशातून आधी खोकल्यासारखा आवाज आला आणि वरच्याला कळलं की ते हसतायत. पोट धरून, डोळे पुसत हसतायत. "आता पटलं! अरे गाढवा, खोटं असतं तर काड्यापेटी वाचली असती!"

वरच्याला हसावं की रडावं कळेना, म्हणून त्याने दोन्ही केलं.

"शेवटच्या घडीला तू श्वास रोखतोस," सासरे म्हणाले. "तेव्हाही रोखायचास. श्वास सोड आणि मग ठेव." त्यांनी हात हवेत धरला, पंजा पालथा, आणि तो सावकाश खाली आणत गुडघ्यावर अलगद टेकवला. "असं. उद्या परत ठेव."

"ठेवतो, मामा."

रात्री त्याने उतरवलेला शर्ट बायकोने आत मोरीत धुवायला घेतला. बाहीवर ग्रीसचा हा मोठा डाग. "हा काही निघायचा नाही," ती मोठ्याने म्हणाली. तशी ती तो फारसा घासतही नव्हती.